पुढच्या वर्षी घरातून कोण बाहेर जाणार? स्थलांतराच्या इराद्याचं मॉडेल बांधताना

अपूर्णांक

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. यंदा एम.एस्सी.च्या मुलांचा प्रकल्प गावोगाव फिरून करायचा ठरवलाय. येत्या बारा महिन्यांत कामासाठी दुसऱ्या भागात जायचा इरादा कोणाचा आहे, कुठे जायचा आहे आणि तो कशावर ठरतो, याचं मॉडेल बांधायचं आहे. इथे शेतीवाले, पुण्याला गेलेले, आकडेवाले सगळेच आहेत, म्हणून धागा काढतेय.

झालेलं स्थलांतर सोडून इरादाच का मोजायचा? कारण झालेल्याची नोंद फार जाड चाळणीतून होते. शेवटची जनगणना २०११ ची, पुढचीची संदर्भ तारीख १ मार्च २०२७. मधला मोठा आकडा २०२०-२१ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणाचा: देशात २८.९ टक्के लोक स्थलांतरित, बायकांत ४७.९ टक्के, पुरुषांत १०.७. पण त्या स्थलांतरित बायकांतल्या ८६.८ टक्के लग्न होऊन आलेल्या. शिवाय राहण्याचं नेहमीचं ठिकाण बदललं तरच माणूस स्थलांतरित धरतात, आणि नेहमीचं म्हणजे सलग सहा महिने किंवा जास्त. आमच्याकडचा माणूस दिवाळीनंतर जातो आणि होळीला परत येतो. तो यात बसतच नाही. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ६४ व्या फेरीत, म्हणजे २००७-०८ मध्ये, महिना ते सहा महिने कामासाठी बाहेर राहिलेल्यांची वेगळी मोजणी झाली होती. तेव्हा जन्मलेली पोरं आता स्वतःच बाहेर जायच्या वयाची झालीत.

आमचा बेत साधा होता. ‘येत्या वर्षभरात कामासाठी बाहेर जायचा विचार आहे का?’ हो किंवा नाही. त्यावर लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे कोणत्या घटकाने ‘हो’ची शक्यता किती बदलते ते मोजायची रीत. कारक घटक म्हणून वय, शिक्षण, किती एकर, ओलीत की कोरडवाहू, कर्ज, घरातलं कोणी आधीपासून बाहेर आहे का. दोन गावांत चाचणी घेतली आणि पंचाईत झाली.

पहिलं म्हणजे उत्तर बापच देतो. ‘नाही, कोणी जात नाही,’ आणि पोरगा मागे दाराशी उभा राहून खाली बघतो. दुसरं, मोठी माणसं हो-नाही म्हणतच नाहीत. ‘पाण्यापावसावर आहे’, ‘कापसाला काय भाव भेटते ते पाहू.’ फॉर्मवर याला चौकोनच नाही, म्हणून मुलांनी बिनदिक्कत ‘नाही’वर खूण केली. तिसरं, विशीतला पोरगा एकटा सापडला की जवळपास प्रत्येक जण हो म्हणतो. मग त्या ‘हो’ला वजन किती द्यायचं?

सुचवा. प्रश्नावलीची शंभर प्रतींची छपाई मी थांबवून ठेवलीय.

रामटेकची गढी

रुमाल टाकून ठेवतो.

लॉगिट

मूळ अकोल्याचा, सध्या पुण्यात आकडेच खातो. ताई, तुमच्या तिसऱ्या अडचणीला जगभरचा तोडगा आहे, प्रश्न पायऱ्यांनी विचारायचा. गॅलप या सर्वेक्षण संस्थेच्या जागतिक पाहणीत आधी विचारतात, ‘संधी मिळाली तर कायमचं दुसऱ्या देशात जायला आवडेल का?’ मग, ‘येत्या बारा महिन्यांत जायचं ठरवताय का?’ आणि मग, ‘त्यासाठी काही तयारी केलीय का?’ २०१८ मध्ये त्यांनी जाहीर केलेल्या आकड्यांत जगातल्या १५ टक्के प्रौढांना, म्हणजे ७५ कोटींहून जास्त लोकांना, देश सोडायला आवडलं असतं. ठरवणारे त्याच्या कितीतरी खाली आणि तयारी करणारे आणखी खाली. तुमचे विशीतले हो-वाले पहिल्या पायरीवर उभे आहेत. त्यांना ‘नाही’त ढकलू नका आणि ‘जाणार’मध्येही मोजू नका. उत्तर चार पातळ्यांचं ठेवा: इच्छा नाही, इच्छा आहे, ठरलंय, तयारी सुरू. मग क्रमवार लॉगिट, म्हणजे चढत्या पायऱ्यांच्या उत्तरासाठीचं रिग्रेशन, लावता येतं.

वागणुकीच्या अभ्यासात एझेन या मानसशास्त्रज्ञाची १९९१ ची मांडणी यासाठी वापरतात. माणसाला ती गोष्ट कशी वाटते, जवळच्यांना काय वाटतं आणि आपल्या हातात किती आहे असं त्याला वाटतं, या तिघांतून इरादा बनतो. तुमच्या यादीत एकर आणि कर्ज आहे, पण ‘घरचे काय म्हणतील’ हा प्रश्नच नाही. दाराशी उभ्या पोराचं सगळं उत्तर त्यातच आहे.

वायगावची हळद

लॉगिटभाऊ, तुमच्या पायऱ्या बराबर हायेत, पण तयारी म्हंजे काय ते आमच्याकडं प्रत्येकाचं येगळं. पुण्याले जाणाऱ्या पोट्ट्याची तयारी म्हंजे मित्राच्या खोलीत जागा पक्की झाली. उसाले जाणाऱ्याची तयारी म्हंजे मुकादमाची उचल घेतली. आता उचल घेतली त इरादा-फिरादा काही राह्यला नाई, तो करार झाला. पैसा त पोरीच्या लग्नात नाईतर दवाखान्यात गेला बी. त्याले विचारान की जायची इच्छा हाये का, त तो म्हणन बिलकुल नाई. पण जाईन. शंभर टक्के जाईन.

तुमच्या कॉम्प्युटरात इच्छा नाई अन् तयारी पूर्ण, असा माणूस बसते का?

लॉगिट

नाही बसत. क्रमवार मॉडेलचं गृहीतच असं की इच्छेशिवाय वरची पायरी चढता येत नाही. हळदभाऊंनी माझ्या पहिल्याच प्रतिसादाचं लाकूड फाडलं. 🙂

मग दोन वेगळे प्रश्न, दोन वेगळी समीकरणं: इच्छा किती आणि जायची शक्यता किती. दोन्हींचा परस्परसंबंध मॉडेलमध्येच मोजायचा. जिथे इच्छा कमी आणि शक्यता जास्त, ती घरं वेगळी काढून बघा. खरा प्रबंध तिथेच आहे.

तऱ्हेवाईक

एवढा खटाटोप कशासाठी? विदर्भातलं शेंबडं पोरगंही सांगेल लोक का जातात. वावराला पाणी द्या, कापसाला भाव द्या, कोणी जाणार नाही. हे कळायला रिग्रेशन लागत नाही.

अपूर्णांक

लागतं हो. चाचणीच्या दोन गावांपैकी एक ओलिताचं होतं. पुण्याला इंजिनिअरिंगला गेलेली आणि तिथेच नोकरीत राहिलेली पोरं त्याच गावात जास्त. पाणी आलं तसा फीचा पैसा आला आणि पोरगा गेला. कोरडवाहू गावातला जातो तो तीन महिन्यांसाठी, मजुरीला. दोन गावांवरून सिद्धांत मांडायचा नाही हे मुलांना मीच शिकवते, पण ‘पाणी दिलं की स्थलांतर थांबतं’ हे गृहीत धरून बसायला मी तयार नाही. ओलिताचा गुणक, म्हणजे परिणामाचा आकडा, हंगामी जाण्यासाठी उणे आणि कायमच्या जाण्यासाठी अधिक येऊ शकतो. दोघांना एकाच ‘हो’त कोंबलं की दोन्ही एकमेकांना खातील आणि मॉडेल म्हणेल ओलिताचा काही परिणाम नाही.

नागपूरची संत्री

ताईंच्या मुद्द्यात भर. इच्छा आणि ऐपत वेगळी ठेवायची असं कार्लिंग या अभ्यासकाने २००२ मध्ये मांडलंय. बाहेर जायला भांडवल लागतं. भाडं, पहिल्या महिन्याचं जेवण, खोलीचं डिपॉझिट, आणि काम नाही लागलं तर परत यायचा खर्च. सगळ्यात गरीब माणूस सगळ्यात आधी निघतो हा समज दरवेळी खरा ठरत नाही.

बांगलादेशातल्या रंगपूर भागात २००८ मध्ये यावर प्रयोग झाला. कापणीआधी तिथे दरवर्षी उपासमारीचा काळ यायचा. काही घरांना साधारण साडेआठ डॉलर, म्हणजे बसचं भाडं आणि वर थोडं, या अटीवर दिले की घरातल्या एकाने शहरात कामाला जायचं. २२ टक्के घरांनी माणूस पाठवला तो केवळ या मदतीमुळे. मागे राहिलेल्यांचं खाणंपिणं सुधारलं, आणि पुढच्या वर्षांत पैसे न देताही त्यांतले बरेच पुन्हा गेले. ब्रायन, चौधरी आणि मुबारक यांचा हा अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. त्या घरांना आधी ‘इरादा आहे का’ विचारलं असतं, तर ते नाहीच म्हणाले असते.

तऱ्हेवाईक

रंगपूरचं यवतमाळला कसं लावता? तिथे भात, इथे कापूस.

नागपूरची संत्री

लावत नाहीये. ‘नाही’ या उत्तरामागे समाधानही असतं आणि रिकामा खिसाही, एवढंच म्हणतोय. फॉर्ममध्ये दोन्ही एकाच चौकोनात जातात.

झाडीपट्टीवाला

गडचिरोलीत जिल्हा परिषद शाळेत मास्तर आहे. आमच्याकडचं थोडं सांगतो. धान निघाला की मिरची तोडायला तेलंगणात जातात, खम्मम, वारंगलकडे. गावंच्या गावं जातात, बायका पुढे. मिरची आटोपून परत येतात तोवर तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. २०२० च्या टाळेबंदीत जंगलातून पायी परत आलेले हेच लोक.

तुमच्या मॉडेलात नागपूर सगळ्यात मोठं शहर म्हणून सगळ्यांना ओढून घेईल. आमच्या दक्षिण भागातला माणूस नागपूरला कामाला जातच नाही. त्याला तेलुगू येते, सोयरे प्राणहिता-गोदावरीच्या पलीकडे आहेत. नागपुरात त्याचं कोण आहे?

लॉगिट

मास्तर, तुम्ही गुरुत्वाकर्षण मॉडेलच्या वर्मावर बोट ठेवलंत. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन ठिकाणांमधली ये-जा दोन्हींच्या लोकसंख्येच्या गुणाकाराच्या प्रमाणात वाढते आणि अंतराने घटते, ही झिफने १९४६ मध्ये मांडलेली कल्पना. त्याआधी रेव्हनस्टाइनने १८८५ मध्ये ब्रिटनच्या जनगणनेवरून स्थलांतराचे नियम सांगितले होते: बहुतेक लोक जवळच जातात, आणि प्रत्येक प्रवाहाला उलटा प्रवाह असतो. स्टोफर १९४० मध्ये म्हणाला, अंतर सोडा, वाटेत दुसऱ्या संधी किती लागतात ते बघा.

कच्चं अंतर तसंही फसवं आहे. समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर ते शिर्डी सुरू झाला, जून २०२५ मध्ये मुंबईपर्यंत पूर्ण झाला. गावं जागची हलली नाहीत, वेळ बदलला. पण वेळ तरी कोणाचा? गाडीवाल्याचा. मजूर महाराष्ट्र एक्स्प्रेसच्या जनरल डब्यातूनच पुण्याला उतरतो. म्हणून अंतराच्या जागी त्या माणसाला लागणारा वेळ आणि भाडं घाला, आणि वर मास्तरांचा घटक: तिथे आपल्या गावचा किंवा नात्यातला माणूस आहे का. माझा अंदाज, हा एक घटक घातला की अंतराचा गुणक निम्म्यावर येईल.

नाईट ट्रॅव्हल्स

वाशिम जिल्ह्यातला आहे, चाकणला ठेकेदाराकडे कंपनीत. वरचं वाचून हसू आलं, कारण मी कसा आलो ते कोणी विचारलंच नव्हतं. पगार किती हे मला निघताना नीट माहीत नव्हतं. आमच्या गावचा पोट्टा म्हणाला, ‘ये, खोलीत जागा हाये, पाचवा माणूस पाहिजे, भाडं कमी पडते.’ झालं.

दुसरं म्हणजे मला कोणी ‘कायमचं चाललास का’ विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो. आजही नाहीच म्हणतो. आधार कार्डवर गावचाच पत्ता आहे, मतदान गावात, पोळ्याला गावात. पण आता इथेच आहे, काय म्हणायचं मला?

लॉगिट

हॅरिस आणि टोडॅरो या अर्थशास्त्रज्ञांचं १९७० चं मॉडेल म्हणतं की माणूस शहरातला पगार गुणिले काम लागायची शक्यता असा हिशोब करतो आणि गावच्या कमाईशी तोलतो. समजा शहरात महिन्याला १८ हजार आणि काम लागायची शक्यता अर्धी, तर अपेक्षित ९ हजार. गावात ८ हजार मिळत असतील तरी तो जाईल. बेकारी असूनही लोक शहरात का येत राहतात याचं हे उत्तर होतं. तुमच्या बाबतीत ती शक्यता म्हणजे खोलीतला मित्र. तो आहे म्हणून काम लागणार हे जवळपास नक्की. संख्या दिसत नसली तरी हिशोब झालेला आहे.

वायगावची हळद

हिशोब पोट्ट्यानं केला नाई, बापानं केला. दोन पोट्टे असले की एक वावरात अन् एक बाहेर. कापूस गेला त बाहेरच्याचा पगार येते, तिकडलं काम सुटलं त घरचे दाणे हायेत. एकटं पोट्टं असलं त त्याले कोणी जाऊ देत नाई, मंग तो किती बी शिको.

नागपूरची संत्री

हळदभाऊ, स्टार्क आणि ब्लूम यांनी १९८५ मध्ये अर्थशास्त्राच्या भाषेत हेच लिहिलंय. स्थलांतराचा निर्णय घराचा असतो आणि त्यातलं मोठं कारण जोखीम वाटून घेणं. म्हणजे भावांची संख्या हा घटक हवाच. आणि ‘घरात किती भाऊ’ एवढं पुरणार नाही, ‘वावर सांभाळायला दुसरं कोणी आहे का’ असं विचारा.

माहेर अमरावती

इतके प्रतिसाद झाले आणि पहिल्या पोस्टमधल्या ८६.८ टक्क्यांवर कोणीच थांबलं नाही. लग्नाचं स्थलांतर म्हणजे कामाच्या स्थलांतरातला कचरा आणि तो गाळून टाकायचा, असं चाललंय.

आमच्याकडे आज मुलीच्या बाजूची पहिली अट काय असते? मुलगा पुण्यात पाहिजे, नाहीतर निदान नागपूर, अमरावती. दहा एकर ओलीत असलेला गावातला मुलगा तिशी ओलांडून बसलाय आणि चाकणला ठेकेदारीवर असलेल्याचं जमतं (नाईट ट्रॅव्हल्स भाऊ, हलके घ्या). म्हणजे मुलगा पगारासाठी गेला की लग्नासाठी? कित्येक आया सरळ बोलतात, ‘दोन वर्षं जाऊन ये बाप्पा, एकदा लग्न होऊ दे.’ आणि त्या मुलीचा इरादा कोण मोजणार? तिने शेतात राबणारी आई पाहिलीय. तिला गावाबाहेर पडायची खुली असलेली वाट म्हणजे स्थळ. तुमच्या प्रश्नावलीत ती ‘कामासाठी बाहेर जायचा विचार आहे का?’ याला नाही म्हणेल आणि वर्षभरात पिंपरीत राहायला जाईल.

तेव्हा अविवाहित असणं हा घटक घालताना सांभाळा. मुलाचं लग्न झालेलं नाही म्हणून तो जातो, आणि गेला नाही म्हणून लग्न होत नाही.

झाडीपट्टीवाला

+१. वरच्या प्रतिसादाचं शेवटचं वाक्य आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये लावतो.

अपूर्णांक

माहेरताई, ‘कामासाठी’ हा शब्द प्रश्नातून काढतेय. ‘वर्षभरात कोण कोण घरातून बाहेर राहायला जाईल’ असं आधी विचारायचं, कारण नंतर आणि कारणं एकाहून जास्त. लग्न आणि जाणं यांच्यात कोण कोणाला ओढतं हे एका वेळच्या पाहणीत सुटणार नाही. दोन फेऱ्यांत थोडं सुटेल.

मेळघाट डायरी

धारणी तालुक्यात आरोग्याचं काम करते. एक व्यावहारिक सूचना. तुमची मुलं गावात जातील तेव्हा काही घरांना कुलूप असेल. अशा वेळी सर्व्हेवाले काय करतात ते मी बघितलंय, शेजारचं घर घेतात. आमच्याकडे दिवाळीनंतर कोरकू कुटुंबं मुलाबाळांसकट कामाला उतरतात, कोणी परतवाडा-अकोटकडे, कोणी मध्य प्रदेशात. ज्याचा अभ्यास करायला तुम्ही आलात तो कुलपामागे आहे, आणि तुम्ही घरी बसलेल्याला विचारताय की जाणार का. तो नाहीच म्हणणार, जायचं असतं तर गेला असता.

आणि बारा महिन्यांचा इरादा आमच्याकडे कोणाला विचारूही नका. ठेकेदाराची गाडी येते, तेव्हा ठरतं. आदल्या आठवड्यातही कोणी नक्की सांगू शकत नाही. अंगणवाडीतली मुलं अचानक कमी झाली की आम्हाला कळतं गाडी येऊन गेली.

लॉगिट

हा या धाग्यावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रतिसाद. शेजारचं घर घेतलं की नमुन्याची संख्या पूर्ण होते आणि नमुना खराब होतो, आणि अहवालात ते कुठेच दिसत नाही. कुलूप असलेल्या प्रत्येक घराची नोंद ठेवा, शेजाऱ्याला एवढंच विचारा की कुठे गेलेत, कधी येतील. शक्य तिथे परत जा. अर्थशास्त्रज्ञ हेकमन यांनी नमुन्यातल्या अशा निवडीच्या दोषावर मोठं काम केलं. २००० सालचं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना आणि मॅकफॅडन यांना मिळून मिळालं. गंमत म्हणजे ताईंना दोघांचीही गरज आहे.

मॅकफॅडन यांची गरज अशी. बहुपर्यायी लॉगिटमध्ये, म्हणजे अनेक पर्यायांतून एक निवडण्याच्या मॉडेलमध्ये, पुणे, चाकण, नागपूर, खम्मम, ऊसतोड, गावातच राहणे असे सगळे पर्याय एका रांगेत मांडले, तर मॉडेल धरून चालतं की एक नवा पर्याय आला की तो बाकी सगळ्यांकडून सारख्या प्रमाणात माणसं ओढतो. पाठ्यपुस्तकात लाल बस आणि निळ्या बसचं उदाहरण असतं: रंग सोडला तर दोन्ही सारख्याच, म्हणून निळी आली की ती लाल बसचेच प्रवासी घेते. पुणे आणि चाकण या त्याच दोन बसा आहेत. चाकणला काम वाढलं तर पुण्याला जाणारा तिकडे वळेल, मिरचीवाला वळणार नाही. म्हणून घरट्याचं मॉडेल घ्या: वरच्या फांदीवर राहणे, हंगामी जाणे, लांबचं जाणे, आणि त्याखाली ठिकाणं.

तऱ्हेवाईक

बरं, एक प्रामाणिक प्रश्न. हे लॉजिस्टिक रिग्रेशनमधून निघणारं ऑड्स गुणोत्तर दोन आलं म्हणजे शक्यता दुप्पट ना? पेपरात तसंच लिहितात.

अपूर्णांक

नाही. समजा शंभरांत १० जण जाणारे. ऑड्स म्हणजे जाणारे भागिले न जाणारे, १०/९०. ते दुप्पट झाले तर २०/९०, म्हणजे शक्यता साधारण १८ टक्के. दुपटीच्या जवळ आहे म्हणून खपून जातं. पण मुळात ५० जाणारे असतील तर ऑड्स १, दुप्पट २, शक्यता ६७ टक्के. तिथे ‘दुप्पट’ लिहिलं तर शंभरच्या शंभर गाव सोडतील. विशीतल्या पोरांच्या ‘हो’वर पेपरवाले हाच घोटाळा करतील, म्हणून अहवालात मी ऑड्स देणारच नाही, सरळ शक्यता देईन.

आता मुख्य अडचण, ‘पाऊस पाहू’वाले. यांना विचारायची एक रीत मी वाचली होती आणि काल आमच्याच गल्लीत करून पाहिली. समोर दहा चिंचोके ठेवायचे. ‘जाल याची जितकी खात्री तितके या वाटीत ठेवा.’ विकसनशील देशांत शेंगदाण्यांनी, खड्यांनी हे बऱ्याच पाहण्यांत केलंय आणि न शिकलेली माणसंही नीट उत्तर देतात. मजा पुढे आहे. एकदा ठेवून झाले की म्हणायचं, आता समजा कापसाला चांगला भाव लागला, चिंचोके हलवायचेत का? पाऊस दगा देऊन गेला तर? शेजारच्या आजोबांनी पहिल्यांदा दोन ठेवले, पाऊस गेला म्हटल्यावर सात. ‘नाही’ म्हणणारा माणूस हाच. त्याचा इरादा अटीवर टांगलेला होता आणि आम्ही अट विचारलीच नव्हती.

लॉगिट

झकास. फक्त पाच चिंचोके ठेवणाऱ्यांकडे लक्ष ठेवा. त्यांतल्या अर्ध्यांचा अर्थ ‘माहीत नाही’ असा असतो. त्यांना एक जादा प्रश्न विचारा.

आणि वर्षाने परत जाऊन कोण खरंच गेलं ते बघणार असाल तर ब्रायर गुण काढा, म्हणजे अंदाज किती चुकले त्याचं माप. चिंचोक्यांतून आलेली शक्यता आणि झालेलं ० किंवा १, यांच्या फरकाचा वर्ग, त्याची सरासरी. सगळ्यांनी पाचच ठेवले तर गुण ०.२५ येतो. त्याच्या खाली आलात तर लोकांना आपलं स्वतःचं काहीतरी माहीत होतं. माझी पैज, बापाने पोराबद्दल ठेवलेले चिंचोके पोराने स्वतःबद्दल ठेवलेल्यांपेक्षा अचूक निघतील.

नाईट ट्रॅव्हल्स

पैजेला मी उलट बाजूने. माझ्या बापाला मी बसमध्ये बसल्यावर कळलं.

लॉगिट

😂 म्हणून दोघांनाही वेगवेगळं विचारायचं.

एक राहिलं. ताई, किती गावं?

अपूर्णांक

दहा गावं, प्रत्येकी पन्नास घरं. जीपचं भाडं बघता एवढंच जमतंय.

लॉगिट

हे बदला. एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात. मुकादम तोच, पाऊस तोच, चाकणची खोलीही तीच. समजा ० ते १ च्या मापावर हा सारखेपणा ०.१ आहे. याने माहिती कितीपट घटते, म्हणजे नमुना-रचनेचा परिणाम, ते मोजायचं सूत्र १ + (घरं − १) × ०.१. पन्नास घरांना तो ५.९ येतो, म्हणजे तुमची ५०० घरं माहितीच्या दृष्टीने जेमतेम ८५. तेच ५० गावांत दहा-दहा घरं घेतलीत तर १.९, म्हणजे २६० च्या वर. मेहनत तीच, माहिती तिप्पट. शिवाय दहा गावांवर गावपातळीचा फरक मोजायला बहुस्तरीय (घर आणि गाव वेगळे स्तर धरणारं) मॉडेल लावलं तर तो आकडा डगमगणारच.

वायगावची हळद

मेहनत तीच कशी? पन्नास गावं फिरायले जीपचं डिझेल कोण देईन, ब्रायर भाऊ?

अपूर्णांक

तडजोड करते. पंचवीस गावं, वीस-वीस घरं. गुणाकार केला, परिणाम २.९ येतो, ५०० ची १७० च्या वर. आमची मुलं वीस-पंचवीस गावांतूनच एसटीने येतात. ज्याने त्याने आपल्या पट्ट्यातलं गाव घ्यायचं, पण स्वतःचं सोडून, नाहीतर पुतण्याच काकाला विचारेल.

बाकी आता असं ठरवतेय. घर म्हणजे एका चुलीवर जेवणारे, पण ‘बाहेर असलेले घरचे’ अशी जोडयादीही लिहायची, म्हणजे नाईट ट्रॅव्हल्ससारखे हिशोबाबाहेर राहणार नाहीत. पंधरा वर्षांवरच्या प्रत्येकाला वेगळं विचारायचं, मुलींना मुलींनीच. इच्छा आणि शक्यता वेगळ्या, चिंचोके तीनदा: आहे तसं, भाव चांगला, पाऊस वाईट. तयारीच्या खुणांत उचल, खोली, तिकीट, मुकादमाशी बोलणं. फोन नंबर लिहून घ्यायचा की नाही यावर अजून विचार करतेय. परत शोधायला लागेल, पण कर्जाची माहिती असलेल्या कागदावर नंबर नको. दोन वेगळ्या वह्या कराव्या लागतील.

पहिली फेरी सोयाबीन सोंगणीच्या आधी, सप्टेंबरात. दुसरी जानेवारी-फेब्रुवारीत, कोण गेलं ते बघायला.

मेळघाट डायरी

फेब्रुवारीत कुलपंच मोजाल. तेव्हा एक धावती फेरी फक्त कुलपांसाठी करा आणि खरी बोलणी होळीला. आमच्याकडे काहीही झालं तरी होळीला माणूस परत येतोच, आणि चार-पाच दिवस थांबतो.

झाडीपट्टीवाला

आमच्याकडचे मात्र होळीला सगळे नसतात, मिरचीचा तोडा चालू असतो. गडचिरोली घेणार असाल तर तेंदूच्या आधी, एप्रिलच्या सुरुवातीला या. शाळेत मुक्कामाची सोय करून देतो.

अपूर्णांक

मास्तर, यंदा यवतमाळ आणि वाशिमच. पण आमच्याही तांड्यांवरची माणसं उसाहून मार्च-एप्रिलला परततात, म्हणजे दुसरी फेरी दोन तुकड्यांत करावी लागणार. डिझेलचा हिशोब पुन्हा मांडते.

वायगावची हळद

अन् सकाळी जाऊ नका. सात वाजता माणूस वावरात जाते. दिवे लागल्यावर या, चिंचोके आम्ही देऊ.